सातवा प्रबंध

“संशोधन कशासाठी करायचंय तुला?” गलगली सरांनी विचारलं.

“सर, मला संशोधनाची आवड आहे.” हे उत्तर मी हॉस्टेलवरून पाठ करून आले होते.

“आजवर सहा जणांनी मला हेच सांगितलंय. खरं कारण सांग.”

“खरंच आवड आहे, सर.”

त्यांनी अर्ज पुढे ओढून त्यावर सही केली. “माझा एकच नियम आहे. डोळ्यांना दिसेल ते वहीत लिहायचं. लिहिलेलं खोडायचं नाही.”

“हो, सर.”

असं सगळेच गाइड सांगतात. आता मीही सांगते.

खरं कारण सरांना सांगण्यासारखं नव्हतं. एकोणीसशे एक्याण्णवचा जून होता. एम.एस्सी. वनस्पतिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आमच्यापुढे दोन वाटा होत्या. एक तर चार पेपर द्यायचे, नाहीतर दोन पेपर आणि दोनशे मार्कांचा प्रोजेक्ट. प्रोजेक्ट म्हणजे वर्षभर प्रयोग करायचे आणि शेवटी शंभरेक पानांचा प्रबंध लिहायचा. मुलं त्याला भ्यायची. प्रयोग फसला तर काय लिहायचं, हा प्रश्न. अपवाद फक्त गलगली सरांच्या हाताखालच्या प्रोजेक्टचा. तो कधी फसलाच नव्हता. सर दरवर्षी एकच विद्यार्थी घेत, त्याला एकच विषय देत, आणि दरवर्षी त्यातून एकच उत्तर निघे. ते उत्तर काय, हे आमच्या कॉलेजच्या बागेतल्या माळ्यालासुद्धा ठाऊक होतं.

सरांनी १९७३ साली एक शोधनिबंध लिहिला होता. आमच्याकडे कृष्णाकाठी उसाला पाणी पाजून पाजून जमिनी मिठाळ झाल्या आहेत. उन्हाळ्यात वर पांढरी खपली धरते. अशा जमिनीला क्षारपड म्हणतात. तिच्यात ज्वारी धड उगवत नाही, पन्नास दाणे पेरले तर वीसेक वर येतात. सरांनी दाखवून दिलं होतं, की ज्वारीचं बी निरगुडीच्या पाल्याच्या काढ्यात बारा तास भिजवून पेरलं, तर पन्नासातले चाळीस उगवतात. शेतकी मासिकांत ते छापून आलं. गावोगाव लोक निरगुडी उकळायला लागले. सरांना शाल-श्रीफळं मिळाली, विभागप्रमुखपद मिळालं, आणि पंचक्रोशीत त्या काढ्याला ‘गलगली काढा’ असं नाव पडलं.

माझ्या आधीच्या सहा जणांनी हाच प्रयोग वेगवेगळ्या जातींच्या ज्वारीवर केला होता. सहाही जणांना फर्स्ट क्लास. मला लेक्चरर व्हायचं होतं आणि त्यासाठी निदान पंचावन्न टक्के लागत. हिशेब सरळ होता.

हॉस्टेलमधली माझी खोलीतली मैत्रीण शकिला मुजावर. तिला मी मोठ्या आनंदाने सांगितलं, “झाली सही.”

“अभिनंदन,” ती म्हणाली. “आता वर्षभर काय करणार?”

“प्रयोग करणार. काय म्हणजे?”

“उत्तर तर आधीच छापून झालंय. सहा वेळा.”

“मग तू काय करणार आहेस?”

तिने नव्याने लागलेल्या देशिंगकर मॅडमकडे प्रोजेक्ट घेतला होता. गावाबाहेरच्या तळ्यातलं पाणी दर महिन्याला आणायचं आणि त्यात कोणकोणतं शेवाळ कधी येतं-जातं ते पाहायचं.

“त्यातून काय निघेल?” मी विचारलं.

“ते माहीत असतं तर दुपारच्या उन्हात तळ्यावर कशाला गेले असते?” शकिला म्हणाली.

मला तिची कीव आली होती.

जुलैत मी कामाला लागले. प्रयोगशाळेत सिदूमामा म्हणून जुने परिचर होते, साठीला टेकलेले. काचेच्या बशा धुणं, टिपकागद कापून देणं, निरगुडीचा पाला आणणं ही त्यांची कामं. प्रयोग सोपा होता. मिठाच्या पाण्याने भिजवलेल्या टिपकागदावर प्रत्येक बशीत पन्नास दाणे मांडायचे. तीन बशांत काढ्यातलं बी, तीन बशांत साध्या पाण्यात भिजवलेलं. पाचव्या दिवशी कोंब मोजायचे. मी बी अशा बेताने लावायचे की मोजणी रविवारी यावी. रविवारी तिथे कुणी नसे, आणि मोजताना मध्ये कुणी बोललं की माझी मोजणी चुकते.

पहिल्या रविवारी अकराच्या सुमाराला मी बशा उघडल्या. साध्या पाण्याच्या बशांत बावीस, एकोणीस, तेवीस. ठीक. काढ्याच्या बशांत एकवीस, चोवीस, वीस.

मी पुन्हा मोजलं. तेवढेच.

काढा जास्त उकळला असेल, असं मला वाटलं. दुसऱ्या वेळी कमी उकळला. अठरा, तेवीस, एकवीस. पाला जून असेल म्हणून सिदूमामांना कोवळा आणायला सांगितलं. तिसऱ्या वेळी बावीस, बावीस, एकोणीस. मग मी मीठ बदललं, टिपकागद बदलले, बशा तीनतीनदा उकळल्या. ऑगस्ट संपला. सप्टेंबरही संपत आला. माझ्या वहीत विशीतल्या आकड्यांची रांग लागली होती. माझा हातच वाईट आहे, याबद्दल माझी खात्री पटत चालली होती. सहा जणांना जे जमलं ते मला जमत नव्हतं.

एके दुपारी सिदूमामा बशा पुसत होते. मला कपाळाला हात लावून बसलेली पाहून म्हणाले, “ताई, एवढा घोर नगा लावून घेऊ. गेल्या साली सुवर्णाताईंनी चारदा लावलं हुतं. त्येच्या आदल्या साली त्यो शिंद्यांचा पोरगा, त्यानं सा डाव.”

“मग?”

“मग आलं की बराब्बर.”

“कसं काय आलं, मामा? त्यांनी काय बदललं?”

“ते मला अडाण्याला काय ठाऊक?” त्यांनी बशी उजेडात धरून पाहिली. “बशीत काय मला दिसलं न्हाई. वहीत आलं.”

 ते पुढची बशी पुसायला लागले होते.

दिवाळीला घरी गेले, तेव्हा आप्पा रब्बीच्या पेरणीच्या तयारीत होते. आप्पा प्राथमिक शाळेत मास्तर, पण नदीकडेची दोन एकर क्षारपड ते हौसेने कसत. परसात मोठ्या पातेल्यात निरगुडी उकळत होती.

“तुमच्या सरांचा काढा,” आप्पा अभिमानाने म्हणाले. “दरसाल करतो. गावात सांगतो, आमची पोरगी त्यांच्याच हाताखाली शिकतीय.”

“आप्पा, याने खरंच उगवतं?”

“उगवतं की. फक्त बी दुप्पट टाकावं लागतं.”

“दुप्पट? मग काढ्याचा उपयोग काय?”

आप्पांनी काढा ढवळणं थांबवलं नाही. “अगं, एवढे मोठे शास्त्रज्ञ सांगतात ते काय उगाच? माझंच काहीतरी प्रमाण चुकत असणार.”

त्या पातेल्यापाशी मला एकदा स्वच्छ कळलं होतं. माझा हात वाईट नव्हता. आप्पांचं प्रमाण चुकत नव्हतं. सुट्टी संपवून मी एस.टी.त बसले तेव्हा सरांना सगळं सांगायचं, असं ठरवून बसले. कॉलेजात पोचेपर्यंत ते ठरवणं निम्मं झालं होतं.

तरी गेले. एका कागदावर सगळे आकडे उतरवून, तो चारपदरी घडी करून मुठीत धरला होता. सर केबिनमध्ये एकटेच होते, काहीतरी लिहीत होते.

“ये, पद्मजा. मोजणी झाली?”

“झाली, सर.”

“किती आले?”

मी मुठीतला कागद आवळला. सरांनी मान वर केली. माझा चेहरा त्यांनी नीट पाहिला असावा, कारण त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं, उठले, टेबलाला वळसा घालून आले आणि दार लोटून घेतलं. मग माझ्यासमोर उभे राहून त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं, “कमी आले का?”

सरांचा आवाज मी कधी इतका बारीक झालेला ऐकला नव्हता. त्यांच्या मागच्या भिंतीवर सत्कारांचे फोटो होते.  हा माणूस आता मला बाहेर काढणार, एवढंच माझ्या डोक्यात आलं. वर्ष जाणार, पंचावन्न टक्के जाणार, आणि गावात आप्पा कुणाला काय सांगणार.

“नाही, सर,” मी म्हणाले. “चाळीस आले. एकदा एकेचाळीस.”

सरांनी माझ्या मुठीकडे पाहिलं.

“तिन्ही बशांत?”

“एकीत अडतीस.”

“एकही बशी मनाविरुद्ध गेली नाही?”

“नाही, सर.”

“बरं,” ते म्हणाले. टेबलामागे जाऊन बसले, पेन उचललं. “लिहायला घे मग.”

मी बाहेर आले तेव्हा मुठीतल्या कागदाचा लगदा झाला होता. तो मी व्हरांड्यातल्या टोपलीत टाकला. मला सुटल्यासारखं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी दुकानातून नवी वही आणली आणि ग्रंथालयात बसून दोन दुपारींत सगळे प्रयोग पुन्हा लिहून काढले. त्यातही अक्कल वापरली. सगळीकडे चाळीस लिहिले तर संशय येईल, म्हणून कुठे सदतीस केले, कुठे त्रेचाळीस. एका बशीला बुरशी लागली असंही लिहिलं, म्हणजे खरं वाटेल. जुनी वही हॉस्टेलच्या बंबात घातली.

शकिलाने मला वही लिहिताना पाहिलं होतं.  त्या दिवसापासून तळ्याच्या गोष्टी तिने मला सांगणं बंद केलं.

एप्रिलमध्ये तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेले परीक्षक दुसऱ्या विद्यापीठातले होते, गोरेपान, गोड बोलणारे. त्यांनी माझा प्रबंध चाळला, तक्ते पाहिले. “सात वर्षं, सात विद्यार्थी, ज्वारीच्या सात जाती, आणि निष्कर्ष एकच,” ते सरांना म्हणाले. “इतकं सातत्य आपल्याकडे दुर्मीळ आहे, डॉक्टर.”

सर खिडकीबाहेर पाहत होते. “सातत्य आहे खरं,” ते म्हणाले.

मला दोनशेपैकी एकशे अठ्ठ्याहत्तर मिळाले. विभागात पहिली आले. शकिलाच्या तळ्यात अपेक्षेप्रमाणे काहीच निघालं नाही. पावसाळ्यात शेवाळ अमुक क्रमाने येतं असा देशिंगकर मॅडमचा अंदाज होता, तो चुकीचा ठरला. शकिलाने तो चुकीचा ठरला असंच लिहिलं. त्याच परीक्षकांनी तिला विचारलं, “मग तुम्ही वर्षभर केलंत काय?” तिला एकूण चोपन्न पूर्णांक सहा टक्के पडले. लेक्चररच्या जागांना ती अर्जच करू शकली नाही. पुढे एका हायस्कूलमध्ये लागली.

मी लागले सीनियर कॉलेजात. पीएच.डी. केली, लग्न झालं, गाव बदललं, विभागप्रमुख झाले. आमच्या कॉलेजात एम.एस्सी. सुरू झाल्यावर प्रोजेक्टच्या मुलांना गाइड म्हणून माझं नाव लागायला लागलं. मुलांना मी आवडायचे. ‘चौगुले मॅडमकडे प्रोजेक्ट घेतला की निवांत,’ असं मुलं म्हणायची, आणि ते माझ्या कानावर आलं की मला बरं वाटायचं.

दोन हजार नऊच्या फेब्रुवारीत कॉलेजच्या पत्त्यावर माझ्या नावाने एक पाकीट आलं. वळणदार अक्षर ओळखीचं होतं. आत एका लहानशा नियतकालिकातला चार पानांचा निबंध, लेखकाचं नाव श्री. व्यं. गलगली. सोबत चिठ्ठी वगैरे काही नव्हतं.

मी तो उभ्यानेच वाचला. सरांनी दोन हिवाळे घरी प्रयोग केला होता. चार हजार दाणे. काढ्याचा उगवणीवर काडीचाही परिणाम होत नाही, असा निष्कर्ष होता. १९७३चा निबंध चुकीचा होता आणि लेखक तो मागे घेत आहे, असं स्पष्ट लिहिलं होतं. शेवटचा परिच्छेद तीन-चार वाक्यांचा होता. त्याचा आशय असा: या विषयावर माझ्या मार्गदर्शनाखाली सात प्रबंध लिहिले गेले. सातही प्रबंधांचे निष्कर्ष याच्या विरुद्ध आहेत. ते प्रबंध कुणी आधाराला घेऊ नयेत. त्यांची जबाबदारी विद्यार्थ्यांची नसून मार्गदर्शकाची आहे.

पश्चात्ताप वगैरे मला लगेच झाला नाही, हे कबूल करते. आधी मी दार लावलं आणि हे नियतकालिक आमच्या ग्रंथालयात येतं का, ते फोन करून विचारलं. येत नव्हतं. मग राग आला. मला न विचारता मला गुन्हेगार ठरवायचं, आणि पुन्हा मला न विचारता माफही करायचं, हा अधिकार यांना कुणी दिला? त्या रविवारी मी सरांच्या घरी जायला मिरजेची गाडी पकडली.

सर चौऱ्याहत्तर वर्षांचे झाले होते. पत्नी दोन वर्षांपूर्वी वारली, असं त्यांनी दारातच सांगितलं. मला गच्चीवर घेऊन गेले. पत्र्याच्या शेडखाली स्टीलची ताटं ओळीने मांडलेली होती.

“बशा कुठून आणणार?” ते म्हणाले. “हिची ताटं होती घरात. चाळीस माणसांचं जेवण व्हायचं आमच्याकडे.”

“सर, निबंध मिळाला.”

“सगळ्यांना पाठवलाय. तू पहिली आलीस.” त्यांनी बसायला वेताचा मोडा माझ्यापुढे केला. “बाकीच्यांपैकी कुणाचं उत्तर नाही.”

मी भांडायला आले होते, पण सुरुवात वेगळीच झाली. “सर, माझे आकडे खोटे होते.”

“माहीत आहे. एकवीस, चोवीस, वीस. तुझी पहिली मोजणी.”

मी मोड्यावर बसले.

“रविवारी तू अकराला यायचीस. मी आठला येऊन मोजून जायचो. किल्ली होतीच माझ्याकडे. सातही जणांच्या बशा मोजल्यात मी.”

“म्हणजे तुम्हाला तेव्हाच ठाऊक होतं?”

“त्याच्याही आधी. चौऱ्याऐंशीला जुनं दप्तर आवरताना बियाण्याच्या पोत्यांच्या चिठ्ठ्या सापडल्या. त्र्याहत्तरच्या प्रयोगात काढ्यात भिजवलेलं बी त्या वर्षीचं ताजं होतं. साध्या पाण्यातलं आदल्या वर्षीचं, जुनं. जुनं बी कमीच उगवणार, तुमच्या बशांतलंही दोन्हीकडचं जुनंच असायचं. काढ्याचा काही संबंध नव्हता. अकरा वर्षं मी सत्कार घेत होतो ते जुन्या पोत्याचे.”

“आणि तरी पुढच्या वर्षीपासून तुम्ही तोच विषय मुलांना द्यायला लागलात?”

“तरी नाही. म्हणूनच.” सर ताटांकडे पाहत होते. “तुम्ही म्हणायचात ना, म्हाताऱ्याला दुसरा विषय सुचत नाही? मला एक विद्यार्थी हवा होता, जो येऊन सांगेल की सर, तुमचं चुकलंय. त्याचा प्रबंध मी डोक्यावर घेऊन नाचलो असतो. माझ्याच विद्यार्थ्याने माझी चूक काढली, असं म्हणायला मला जड गेलं नसतं. उलट त्यात मोठेपणाच मिळाला असता.”

“मग सांगायचं होतंत ना आम्हाला, सर. एका शब्दाने जरी सुचवलं असतंत...”

“सुचवलं असतं तर तुम्ही कमी आकडे आणून दिले असतेत. तेही न मोजता.”

गच्चीच्या कठड्यापलीकडे कुणीतरी वाळवण घालत होतं. 

“त्या दिवशी तुम्ही दार लावून घेतलंत,” मी म्हणाले. “कमी आले का, असं विचारलंत. मला वाटलं, तुम्ही...”

“काय वाटलं ते मला दिसत होतं तुझ्या तोंडावर. तुझ्या मुठीत कागद होता. सात जणांत माझ्या खोलीपर्यंत कागद घेऊन आलेली तू एकटीच.”

“मग मी चाळीस म्हणाले तेव्हा मला अडवलं का नाहीत? तुम्ही मोजले होतेत. नुसतं एवढं म्हणाला असतात की मूठ उघड...”

 एका ताटातला टिपकागद सुकला होता, त्यावर सरांनी तांब्यातलं पाणी शिंपडलं.

“तू चाळीस म्हणालीस,” ते म्हणाले, “आणि मला हायसं वाटलं, पद्मजा. सात वर्षं ज्याची वाट पाहिली ते दारात येऊन उभं राहिलं आणि परत गेलं, तर मला हायसं वाटलं. तेव्हा कळलं की मला विद्यार्थ्याची वाट बघायचीच नव्हती. हा प्रयोग मी स्वतः कधीही करू शकत होतो. पन्नास दाणे आणि पाच दिवस. माझ्यात नसलेलं धाडस मी बावीस वर्षांच्या पोरांकडे मागत होतो, आणि ते दाखवत नाहीत म्हणून मनातल्या मनात त्यांना नापास करत होतो. तुझ्यानंतर तो विषय दिला नाही.”

“पण निबंधाला अजून सतरा वर्षं लागली.”

“लागली.” ते म्हणाले. “हिला सत्कारांच्या शाली फार आवडायच्या.”

आम्ही खाली आलो. त्यांनी स्वतः चहा केला. आप्पा अजून काढा करतात का, असं त्यांनी विचारलं नाही, कारण त्यांना आप्पा माहीतच नव्हते. आप्पांनी शेवटपर्यंत काढा केला, आणि शेवटपर्यंत प्रमाण आपलंच चुकतं असं समजत राहिले. हे मी सरांना सांगणार होते. चहा संपेपर्यंत माझ्याने सांगवलं नाही.

निघताना ते म्हणाले, “तुझ्याकडेही मुलं असतील ना आता प्रोजेक्टला?”

“असतात. नऊ जणांचे प्रबंध झाले. दहावा चालू आहे.”

“विषय?”

“झेंडू लावला की शेजारच्या टोमॅटोच्या मुळांवर किडीच्या गाठी कमी येतात, त्यावर आहे. माझ्या पीएच.डी.चाच विषय. वेगवेगळ्या जाती घेऊन करवते.”

“काय निघतं?”

“कमी येतात,” मी म्हणाले.  मी चप्पल घालेपर्यंत सर दारात उभे राहिले.

सोमवारी कॉलेजात गेल्यावर मी केबिनमधलं कपाट उघडलं. नऊ प्रबंध, निळं कापड, पाठीवर सोनेरी अक्षरं. एकेक काढून तक्ते पाहत बसले. नऊ वर्षांत आमच्या भागात दोनदा अतिवृष्टी झाली होती, एकदा महिनाभर पाणी नव्हतं, एकदा बागेत गाय शिरून वाफे तुडवून गेली होती ते मला स्वतःला आठवत होतं. तक्त्यांत यातलं काही नव्हतं. नऊ वर्षं गाठी चाळीसवरून बारावर आल्या होत्या. कुठे अकरावर, कुठे चौदावर. दोन प्रबंधांत एका रोपाला बुरशी लागली होती.

माझी पीएच.डी. खोटी नव्हती. ते आकडे मी मोजले होते, आजही शपथेवर सांगेन. पण ते पुन्हा कुणी मोजले होते की नाही, हे मला माहीत नव्हतं. विचारायचं मला कधी सुचलं नव्हतं.

त्या वर्षीची माझी विद्यार्थिनी अश्विनी आवळे. हुशार, मितभाषी, कोल्हापूरकडच्या एका खेड्यातून आलेली. मी तिला बोलावून घेतलं. ती वही छातीशी धरून आली.

“बस,” मी म्हणाले. “गेल्या मोजणीत झेंडूजवळच्या रोपांना किती गाठी आल्या?”

“बारा, मॅडम.”

“आणि नुसत्या टोमॅटोला?”

“एक्केचाळीस.”

“तू स्वतः मोजल्यास?”

“हो, मॅडम.”

“हे बघ, अश्विनी,” मी शक्य तितक्या मऊ आवाजात म्हणाले. “मला अमुकच आकडा हवा असं काही नाही. जास्त आल्या असतील, सारख्या आल्या असतील, काहीही आलं असेल तरी मी रागावणार नाही. मला फक्त खरं काय ते कळायला हवंय.”

तिने माझ्या चेहऱ्याकडे बारकाईने पाहिलं. मी काय ऐकू इच्छिते याचा ती अंदाज घेत होती, हे मला दिसत होतं. त्या नजरेची मला चांगली ओळख होती. मग तिने वही माझ्या टेबलावर ठेवली, पेनाचं टोपण काढलं आणि सगळं समजल्यासारखी मान हलवली.

“जास्त हव्या होत्या का, मॅडम?” ती म्हणाली. “किती ते सांगा. उद्या नवी वही करून आणते.”